बेळगाव भागात कासव-सरडे पाळताना यूव्हीबी कुठून घ्यायचं: ऊन, बल्ब की ट्यूब?

जुलैतली गोष्ट. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता. मागच्या गल्लीतल्या वैनी बादलीत कासव घेऊन दारात आल्या. “भावजी, चार दिवस झाले, हे काही खाईनाच झालंय. पाठ पण कशीतरीच लागतेय हाताला. बघा की जरा.” लाल कानाचं कासव, तळहाताएवढं. उचलून कवचाची मागची कड अंगठ्यानं दाबली, तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली आणि हळूच परत वर आली. दीड वर्षाच्या कासवाची पाठ शहाबादी फरशीसारखी टणक लागायला हवी. वैनी म्हणाल्या, “उन्हातच असतंय की. टाकी खिडकीलाच लावलीय.” खिडकी होती खरी. तिला काच होती, आणि पावसामुळं ती मे संपल्यापासून उघडलीच नव्हती.

साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडं आणि कवच टणक राहायला लागणारे उन्हातले अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, जवळजवळ काहीच येत नाहीत. माणसाच्या डोळ्याला तो फरक कळत नाही, म्हणून ही चूक चांगली काळजी घेणाऱ्या घरातही होते. ते कासव वाचलं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, वर ट्यूब लागली, डिसेंबरपर्यंत पाठ टणक झाली. पण मागची कड वर वळलेली आहे ती आहेच, ती आता आयुष्यभर तशीच राहणार. तेव्हापासून शहापूर, वडगाव, टिळकवाडीतून आणि खानापूर-निपाणीकडून ओळखीची माणसं मला एकच विचारतात: कुठला दिवा घेऊ? त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पर्याय समोरासमोर ठेवतो, आणि मी काय घेईन तेही सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडं घरात ठेवलं की भरभराट होते म्हणून चांदणी कासव पाळायची पद्धत आहे. ते कासव, घोरपड, आपल्या तळ्यातली कासवं ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरात ठेवण्याची शिक्षा तीन ते सात वर्षं कैद अशी आहे. त्याच्यासाठी दिवा शोधू नका, वन खात्याशी बोला. बाहेरच्या देशातले इग्वाना (मोठा सरडा), सुल्काटा (जमिनीवरचं मोठं कासव), बॉल पायथन (छोटा अजगर) यांच्यासारखे साइटिस यादीतले, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले, प्राणी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. इथून पुढचं सगळं कायद्यानं ठेवता येणाऱ्या प्राण्यांबद्दल आहे.

यूव्हीबी लागतंच कशाला

सूर्याच्या अतिनील किरणांतला २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा म्हणजे यूव्हीबी. हे किरण कातडीवर पडले की कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून आधी कच्चं डी३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि अंगाच्या उबेनं त्याचं पक्कं डी३ होतं. पुढं यकृत आणि मूत्रपिंडात त्यावर काम होऊन ते आतड्यातून कॅल्शियम ओढायला लागतं. हे डी३ नसेल तर तुम्ही समुद्रफेन घाला, कॅल्शियमची पावडर घाला, बरंचसं विष्ठेवाटे निघून जातं. मग शरीर स्वतःच्याच हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात घालतं, कारण हृदय आणि स्नायू त्याच्याशिवाय चालत नाहीत. इग्वानाचा जबडा रबरासारखा होतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटं थरथरतात. कासवाचं कवच मऊ पडतं. दिसायला लागेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं.

वरच्या परिच्छेदातली ‘उबेनं’ ही गोष्ट लक्षात ठेवा. थंड पडलेल्या जनावरावर नुसतं यूव्हीबी सोडून अर्धंच काम होतं. ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी, एकाच वेळी पडायला हवी. उन्हात ती आपोआप पडते, दिव्यात आपल्याला जुळवावी लागते.

कुणाला किती लागतं याचा अंदाज घ्यायची चांगली पद्धत गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली. रानातले १५ जातींचे सरडे आणि साप दिवसभरात प्रत्यक्ष किती यूव्ही निर्देशांकात (अतिनील किरणांच्या जोराचं माप) वावरतात ते त्यांनी मोजलं आणि चार गट केले. पहिल्या गटाची सरासरी ०.७ पर्यंत, दुसऱ्याची ०.७ ते १, तिसऱ्याची १ ते २.६ आणि चौथ्याची २.६ ते ३.५. संध्याकाळी बाहेर पडणारा लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आणि बॉल पायथन पहिल्या गटात धरतात. लाल कानाचं कासव, इग्वाना आणि दाढीवाला ड्रॅगन (हाही सरडाच) तिसऱ्या गटात. अख्खा उंदीर गिळणाऱ्या सापाला डी३ त्या उंदरातूनच बरंच मिळतं, म्हणून सापवाल्यांची घाई कमी. इग्वाना हिरवा पाला खातो, पाल्यात डी३ नसतं. इग्वानावाल्यांनी पैसे वाचवायला दुसरी जागा शोधावी.

ऊन: फुकट, सगळ्यात चांगलं, पण कुठं राहता त्यावर

बेळगाव साधारण १५.८५ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर असतो. मार्च-एप्रिलच्या निरभ्र दुपारी यूव्ही निर्देशांक १० च्या वर जातो. योग्य अंतरावर लावलेला दिवा इतकं देत नाही आणि देऊही नये. शिवाय उन्हात एक सोय आहे. कातडीत कच्चं डी३ जास्त झालं की तेच ऊन त्याचं निरुपयोगी द्रव्यांत रूपांतर करतं, त्यामुळं उन्हानं डी३ चा अतिरेक होत नाही. पावडरचा होतो, आणि तो विषारी असतो.

पण आपला जिल्हा एकसारखा नाही, आणि दिव्याचा निर्णय इथंच फिरतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर चार महिने सूर्य नावालाच. बेळगाव शहरात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ढग फाटत नाहीत. तेच अथणी-रायबागकडं पाऊस बेताचा, आभाळ पुष्कळदा मोकळं. अथणीच्या माणसाला मी म्हणेन, दिवा हा आधार म्हणून घ्या, मुख्य खुराक ऊनच ठेवा. खानापूरच्या माणसाला म्हणेन, चांगल्या दिव्याशिवाय तिसऱ्या गटातला प्राणी पाळूच नका. दाट ढगांतून थोडं यूव्हीबी येतं, पण पावसात भिजत कुठलं कासव शेकायला वर येईल? ते पाण्याखाली जाऊन बसतं.

उन्हात किती वाजता न्यायचं, यासाठी सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीएवढी झाली की सूर्य ४५ अंशांवर आलेला असतो आणि तिथून पुढं कामाचं यूव्हीबी भरपूर असतं. बेळगावात मार्चमध्ये ही वेळ पावणेदहाच्या सुमाराला येते, डिसेंबरात मात्र अकरा वाजतात. हिवाळ्यात सात-साडेसातच्या कोवळ्या उन्हात कासवाला तासभर ठेवणारे पुष्कळ आहेत. ऊब मिळते, यूव्हीबी फार थोडं मिळतं. माणसांचं कोवळं ऊन आणि कासवाचं ऊन वेगळं.

काचेची टाकी कधीही उन्हात ठेवू नका. बंद मोटारीसारखी ती आतून तापते आणि पंधरा-वीस मिनिटांत प्राणी गेलेला असतो. धुण्याचं मोठं टब घ्या, अर्ध्या टबावर गोणपाट टाका म्हणजे सावलीत जायची वाट राहील, कासवासाठी पाणी ठेवा, वर भाजीच्या क्रेटची मोठ्या भोकांची झाकण-जाळी बांधा. घार आणि मांजर दोन्ही टपलेली असतात. आणि स्वतः तिथंच बसा. वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच वेळा झालं तरी मोठा फरक पडतो.

एक फसगत आपल्याकडं फार होते. मे अखेर अंगणावर पारदर्शक फायबरचे पत्रे टाकतात. खाली चांगला उजेड पडतो, फुलझाडं जगतात, म्हणून कासवाचा हौद तिथंच ठेवतात. हे पत्रे यूव्हीबी अडवतात. पॉलिकार्बोनेट अडवतं, ॲक्रिलिकही बहुतेक सगळं अडवतं. वैनींच्या खिडकीचंच हे मोठं रूप.

कॉम्पॅक्ट बल्ब

सीएफएलसारखा पीळ असलेला, १३ किंवा २६ वॅटचा. बेळगावातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात बहुतेक वेळा हाच मिळतो, किंमत हजाराच्या आसपास. स्क्रू होल्डर लागतो. आपल्या घरातले होल्डर बहुतेक दोन खाचांचे, पिनवाले असतात, त्यामुळं बल्ब आणताना स्क्रूचा होल्डर, तोही चिनीमातीचा, बरोबरच आणा.

याची अडचण फेक. उजेड एका छोट्या गोळ्यात पडतो. बल्बाखाली बरं मिळतं, वीतभर बाजूला सरकलं की झपाट्यानं कमी होतं. दीड-दोन वितींपलीकडं तर नसल्यातच जमा. कासवाचं पिल्लू एकाच दगडावर बसत असेल, दगड बल्बापासून १५ ते २० सेंटिमीटरवर असेल, तर काम भागतं. इग्वानाच्या पिंजऱ्यात हा बल्ब म्हणजे मोठ्या सोप्यात एक पणती. दुसरं, पुष्कळजण हा बल्ब क्लिप लावून बाजूनं तोंडासमोर लावतात. सूर्य वरून येतो, आणि या प्राण्यांच्या भुवईची कड वरून येणाऱ्या किरणांपासून डोळा झाकते. बाजूनं मारा झाला तर डोळे सुजतात, प्राणी डोळे मिटून बसतो, खात नाही. पूर्वी काही कॉम्पॅक्ट बल्बांतून फार आखूड, घातक लांबीचे किरण निघत असल्यानं डोळ्यांचे त्रास झाले होते. आजचे नावाजलेले बल्ब तसे नाहीत. बिननावाच्या खोक्यातल्या बल्बाबद्दल मात्र मी हमी घेणार नाही.

सहा महिन्यांनी बदलावा लागतो. उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी उतरलेलं असतं.

जुन्या पद्धतीची दोन फुटी ट्यूब, टी८

बोटभर जाडीची, म्हणजे २६ मिलिमीटर व्यासाची ट्यूब. दोन फुटी ती १८ वॅटची येते. हिचं मोठं सुख हे की घरात पडलेल्या जुन्या दोन फुटी ट्यूबलाईटच्या पट्टीवर, चोक-स्टार्टरसकट, ती चालते. खेड्यातल्या कुठल्याही वायरमनला तिचा चोक बदलता येतो. उजेड लांबट पट्ट्यात पडतो, त्यामुळं प्राणी इकडंतिकडं फिरला तरी त्याला मिळत राहतो.

ताकद मात्र कमी. १५ ते २५ सेंटिमीटरच्या आत प्राणी यायला हवा, मध्ये जाळी नको. लेपर्ड गेकोला, उथळ टाकीतल्या लहान कासवाला चालेल. हीही सहा महिन्यांची पाहुणी. मिळणंही आता अवघड झालंय, म्हणून नव्यानं घेणाऱ्यानं हिच्या मागं लागू नये.

टी५ एचओ ट्यूब

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेळगाव भागात तिसऱ्या गटातला प्राणी असेल, तर दहातल्या आठ घरांनी हीच घ्यावी.

ही १६ मिलिमीटर जाडीची, करंगळीएवढी ट्यूब. एचओ म्हणजे हाय आउटपुट, जास्त ताकदीची. साधारण पावणेदोन फुटी २४ वॅटची, त्याहून लांब ३९ आणि ५४ वॅटची. यूव्हीबीचा टक्का तोच असलेल्या टी८ पेक्षा साधारण दुप्पट यूव्हीबी देते, आणि चांगल्या कंपनीची असेल तर वर्षभर टिकते. मागं चकचकीत ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर असेल तर वर वाया जाणारे किरण खाली वळतात. रिफ्लेक्टर नसलेली पट्टी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, निम्मा माल छताला जातो.

खोक्यावरचे आकडे गोंधळात टाकतात. आर्केडिया कंपनीच्या खोक्यावर ६ टक्के, १२ टक्के असं असतं, झू मेडच्या खोक्यावर ५.० आणि १०.०. ५-६ वाली ट्यूब सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठी, १०-१२ वाली शेकणाऱ्यांसाठी. कासव, इग्वाना, ड्रॅगन यांना १०-१२. गेकोला १०-१२ वाली लावून ती दोन फूट वर टांगली तरी चालते, पण ५-६ वाली घेणं सरळ.

टी५ चा खरा घोळ चोकमध्ये आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. एकदा माझ्या पट्टीचा चोक गेला. खडे बाजारच्या बाजूला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. अण्णांनी काढून दिलेला चोक टी५ चाच होता, १४ वॅटचा. मी म्हटलं, “अण्णा, माझी ट्यूब २४ ची आहे.” अण्णा म्हणाले, “लांबी सेम, पिना सेम. लावा की, पेटतंय बघा.” त्यांनी तिथंच लावून दाखवली. पेटली. मीही घेऊन आलो. ट्यूब जरा मंद वाटत होती, पण पेटत होती. दोन महिन्यांनी एका मित्रानं पुण्याहून यूव्ही मीटर आणला, तेव्हा दगडावरचा आकडा आधीच्या निम्म्याहून खाली आलेला निघाला. कारण साधं आहे. टी५ मध्ये दोन घराणी आहेत. १४ वॅटची कमी करंटची आणि २४ वॅटची जास्त करंटची, आणि दोघींची लांबी एकच, साधारण ५५ सेंटिमीटर. कमी करंटच्या चोकवर जास्त करंटची ट्यूब पेटते, पण उपाशी राहते. अण्णांनी वाईट हेतूनं दिला नव्हता. उजेडासाठी ते पुरतं, यूव्हीबीसाठी पुरत नाही. चोकवर ‘एचओ’ किंवा ‘२४ वॅट’ लिहिलेलं बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुसरी चूक याहून मोठी. आज बाजारात ‘टी५’ म्हणून मागाल तर एलईडीची पांढरी पट्टी हातात पडेल. नाव तेच, आत यूव्हीबी शून्य. कुणी दोन वर्षं तिच्याखाली ड्रॅगन ठेवलेला मी पाहिलाय. त्या प्राण्याची पाठ नागमोडी झाली होती. तशीच मिठाईच्या दुकानातली माशा मारायची निळी ट्यूब, ती यूव्हीए, म्हणजे अतिनीलमधलाच जास्त लांबीचा पट्टा, देते, यूव्हीबी नाही. आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली किंवा जंतू मारायची यूव्ही ट्यूब तर घरात उघडी पेटवूच नका. ती २५४ नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण सोडते, प्राण्याचे आणि तुमचे दोघांचे डोळे भाजतील.

मर्क्युरी व्हेपर बल्ब

ऊब, उजेड आणि यूव्हीबी एकाच बल्बात. १०० किंवा १६० वॅटचा, चिनीमातीचा स्क्रू होल्डर हवा. सुल्काटासारख्या मोठ्या कासवाला, मोठ्या इग्वानाच्या खोलीला हा शोभतो. कागदावर सगळ्यात सोयीचा हाच. एक बल्ब, एक वायर, काम झालं.

मग मी तो का सुचवत नाही? आपल्याकडची वीज. हा बल्ब एकदा विझला की गार होईपर्यंत परत पेटत नाही, पाच-दहा मिनिटं, कधी जास्त. दिवसात पाच वेळा लाईट गेली तर पाच वेळा प्राणी अचानक थंडीत, आणि दरवेळी बल्बाचं आयुष्य कमी. निपाणीची एक ताई सुल्काटाला हा लावायची. सकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि बल्ब आपोआप विझायचा. तीन महिन्यांत दुसरा बल्ब. शेवटी तिनं टी५ आणि वेगळा हॅलोजन लावला. तिचं कासव वर्षातले आठ महिने तरी परसात उन्हातच असतं, तिला एवढ्या जोराच्या बल्बाची गरजही नव्हती.

आणखी दोन गोष्टी. याला डिमर किंवा थर्मोस्टॅट लावता येत नाही, त्यामुळं एप्रिलमध्ये पिंजरा भाजून निघतो. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेला बल्ब ११०-१२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० वर तो टिकणार नाही. फायदा एकच, पण मोठा: मोठ्या प्राण्याच्या सगळ्या पाठीवर एकदम ऊब आणि यूव्हीबी पडते. वीज स्थिर असेल, स्टॅबिलायझर असेल, खोली मोठी असेल तर जरूर घ्या. तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ मात्र नको.

मेटल हॅलाइड हा याचाच उजळ आणि महाग भाऊ. वेगळा चोक लागतो, आपल्याकडं सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून सोडून देतो. यूव्हीबी एलईडी आता येऊ लागल्यात, पण त्यांचे किरण अरुंद पट्ट्यात असतात, सूर्यासारखे पसरलेले नाहीत. मी अजून दोन-तीन वर्षं थांबेन.

विजेचा हिशोब

रोज १२ तास धरू. २४ वॅटची टी५ महिन्याला साधारण ८.६ युनिट खाते. तिच्या शेजारी शेकायला ५० वॅटचा हॅलोजन लावला तर तो १८ युनिट. दोन्ही मिळून २६-२७. मर्क्युरी व्हेपर १०० वॅटचा एकटाच ३६ युनिट. म्हणजे ‘एकाच बल्बात दोन कामं’ याचं बिल वेगवेगळ्या दोन दिव्यांपेक्षा जास्त येतं. शिवाय हॅलोजन एकटा बंद करता येतो. एप्रिलमध्ये मी तो दुपारी बंदच ठेवतो, ट्यूब चालू. कॉम्पॅक्ट बल्ब २६ वॅटचा ९.४ युनिट घेतो, म्हणजे टी५ पेक्षा थोडा जास्तच, आणि देतो त्याच्या कितीतरी कमी. घेताना बल्ब स्वस्त वाटतो, पण वर्षात दोन घ्यावे लागतात. टी५ चा सगळा संच, पट्टी आणि रिफ्लेक्टरसकट, चार-पाच हजारांच्या पुढं जातो, हे खरं आहे. पण पट्टी एकदाच घ्यायची असते, पुढच्या वर्षांत नुसती ट्यूब.

इन्व्हर्टरवर टी५ आरामात चालते आणि लाईट आली-गेली तरी लगेच पेटते. पावसाळ्यात वादळानं दोन-दोन तास लाईट जाते तेव्हा ही गोष्ट किती मोलाची आहे, ते खानापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टांगायचं कसं

चांगली ट्यूब वाईट टांगली तर पैसे पाण्यात. प्राण्याची पाठ आणि ट्यूब यातलं अंतर मोजा, टाकीचा तळ आणि ट्यूब यातलं नव्हे. कासव दगडावर चढतं तेव्हा ते तळापासून वीतभर वर असतं. रिफ्लेक्टरसह १०-१२ वाली टी५ असेल आणि मध्ये जाळी नसेल तर ३० ते ४५ सेंटिमीटर हे बहुतेकांना बसतं. खोक्यावर कंपनीनं दिलेला तक्ता असतो, तो माझ्या आकड्यापेक्षा वरचढ माना. डासांची बारीक जाळी मध्ये असेल तर तिसरा हिस्सा ते निम्मं यूव्हीबी तीच खाते. अशा वेळी ट्यूब जाळीच्या आत घ्या किंवा जाळी मोठ्या भोकांची करा. काच मध्ये कधीच नको.

ट्यूब पिंजऱ्याच्या लांबीच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश इतकीच असू द्या आणि ती शेकायच्या बाजूला लावा. दुसऱ्या टोकाला सावली हवी. जास्त झालं की प्राणी स्वतः उठून जातो, त्याला जायला जागा मात्र हवी. हॅलोजन आणि ट्यूब एकाच दगडावर पडतील असं बघा. टायमर लावा, दिवसा बारा तास, रात्री सगळं अंधारात. रात्री लाल बल्ब वगैरे नको. डिसेंबरात रात्री पारा १५ च्या खाली उतरतो, तेव्हा ऊब हवी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा.

मोजायचं झालं तर सोलरमीटर ६.५ हे यूव्ही निर्देशांक दाखवणारं यंत्र आहे. किंमत वीस हजारांच्या वर. एकट्यानं घेणं परवडत नाही. आम्ही पाच घरांनी मिळून घ्यायचं ठरवतोय, पाळीपाळीनं फिरवू. उन्हात रंग बदलणाऱ्या कार्डांवर विसंबू नका, ती यूव्हीएलाही रंगतात.

मग कुणी काय घ्यावं

शहरात फ्लॅटमध्ये एक लहान लाल कानाचं कासव, गच्ची वापरायला मोकळी: २४ वॅटची टी५, १०-१२ टक्क्यांची, आणि ऑक्टोबर ते मे आठवड्यातून चार वेळा गच्ची. पैसे जुळेपर्यंत दोन-तीन महिने कॉम्पॅक्ट बल्ब १५ सेंटिमीटरवर चालेल, पण ते तात्पुरतंच समजा. आणि हे कासव पुढं ताटाएवढं होतं, तीस वर्षं जगू शकतं, हे घेण्याआधीच बोलून घ्या. कंटाळा आला म्हणून किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जातींत त्याचं नाव आहे, ते इथल्या कासवांचा घास काढून घेतं.

अथणी, रायबाग, चिकोडीकडं मोठं परस असलेला सुल्काटावाला: आधी कुंपण घातलेलं अंगण, सावलीला झाप, पावसाच्या दिवसांसाठी गोठ्यात किंवा पडवीत टी५ ३९ वॅटची. मर्क्युरी व्हेपर घ्यायचा असेल तर आधी आठ दिवस सकाळी-संध्याकाळी व्होल्टेज मोजून बघा.

खानापूर बाजूला इग्वाना: इथं काटकसर नको. ५४ वॅटची टी५, रिफ्लेक्टर, इन्व्हर्टर, हॅलोजन, आणि एक सुटी ट्यूब घरात. जुलैत ट्यूब गेली आणि रस्ते पाण्याखाली असले तर कुरिअर आठवडाभर येत नाही.

लेपर्ड गेको: ५-६ वाली टी८ किंवा टी५, थोडी उंच. पांढऱ्या, गुलाबी डोळ्यांच्या जातींना त्याहून कमी.

ट्यूब कधी बदलायची याबद्दल शेवटचं. ट्यूबच्या टोपणावर मार्करनं तारीख लिहा. मी ती मेच्या शेवटच्या आठवड्यात बदलतो, पहिला वळीव पडून गेला की. नव्या ट्यूबचे सगळ्यात जोमदार चार महिने मग नेमके पावसात येतात, आणि ती थकायला लागते तेव्हा फेब्रुवारी-मार्च असतो, गच्चीवर ऊन असतं. मागच्या गल्लीतल्या वैनी आता मे संपायच्या आधीच फोन करतात, “भावजी, ट्यूब मागवलीत का? माझीपण सांगा एक.”